होडीची पहिली आंघोळ

रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्र मला ओळखत नाही. उजवा अंगठा ठेवला की लाल दिवा. पदराला पुसून ठेवला, तरी लाल. तर्जनी लाल, मधलं बोट लाल. मागच्या बायका उसासे टाकायला लागल्या की मी डाव्या हाताची करंगळी पुढं करते, आणि मग ते मेलं कुरकुरत हो म्हणतं. दुकानदार विचारतो, "आजी, उजव्या हाताचे ठसे गेले कुठं तुमचे?" मी सांगते, "वाहून गेले रे बाबा, खाडीत." तो बाकीच्यांकडं बघून हसतो. त्याच्या लेखी कामोठ्यातली आणखी एक म्हातारी चळली.

पण ते अगदी खरं आहे. नव्वदनंतरची कितीतरी वर्षं मी ओल्या कागदानं होड्या घासत होते. सुनेच्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या म्हणतात, "अय्या, म्हणजे नेमकं काय करायच्या तुम्ही?" मी म्हणते, होड्यांचं पार्लर. उन्हानं रापलेल्या होड्या यायच्या, उजळून जायच्या. फेशियल, स्क्रब, वॅक्स, सगळं होतं आमच्याकडं. भुवया तेवढ्या नव्हत्या. खरं तर एकदा त्याही केल्या. ते पुढं येईलच.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. पाणी म्हणजे विहिरीतलं, फार तर ओढ्यातलं. आमचे हे मार्केटात माथाडी. पोरं शाळेत जायला लागली तशी मी पावणे गावच्या कारखानदारीत काम शोधत फिरले, आणि दळवी शेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये चिकटले. तिथं फायबरच्या पाण्याच्या टाक्या, दारं, खुर्च्या बनत. अधूनमधून एखादी होडी. मला घेतलं ते झाडायला. शेडमध्ये फायबरच्या रसाचा, म्हणजे रेझिनचा, एक गोडसर, उग्र वास भरलेला असे. दुपारी डोकं हलकं व्हायचं, पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली यायच्या आणि त्यांत काचेची धूळ चमचमत फिरायची. मी झाडू हातात धरून ती बघत उभी राहायची. शेठ म्हणायचे, "शालनबाई, झाडू चालतोय की तुम्ही त्याला टेकलाय?"

पॉलिशचं काम युसूफभाई मिस्त्री करायचे. रत्नागिरीकडचे, बोलणं कमी, चहा जास्त. एकदा त्यांचा खांदा धरला आणि पॉलिश अडलं. मी पुढं झाले, म्हणाले, "त्यात काय एवढं? पितळेची भांडी घासलीत की जन्मभर!"

त्या वेळच्या शालनला काही म्हणजे काही अवघड वाटायचं नाही. माहीत नसलं की अवघड वाटत नाही, तसलं तिचं होतं.

बफिंगचं यंत्र तुम्ही बघितलं नसेल. हातात धरायची मोटर, पुढं लोकरीची गोल टोपी, आणि ती भिंगरीसारखी फिरते. मी खटका दाबला. यंत्रानं आधी माझा पदर घेतला, मग मला घेतलं. एका टाकीभोवती मी अर्धी फेरी मारली, ती माझ्या इच्छेनं नव्हे. युसूफभाईंनी तारच उपटली. मी मोकळी झाले तेव्हा पदर लोकरीत असा गुंडाळला होता की कात्रीनं कापावा लागला. ते एवढंच म्हणाले, "बाई, यंत्राला नाचू द्यावं. आपण नाचायचं नसतं." दुसऱ्या दिवसापासून मी कासोटा घालून यायला लागले आणि वस्तीत अशा तोऱ्यात चालायचे, जणू विमान चालवून आले.

आता धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

फायबरची होडी उलटी जन्माला येते. आधी साचा. साच्याला आतून मेण चोळायचं, नाहीतर होडी साच्याला धरून बसते. मेणावर रंगीत रसाचा एक थर. त्याला जेलकोट म्हणतात. त्याच्या पाठीवर काचेच्या धाग्यांची चटई, वर रस, पुन्हा चटई, पुन्हा रस. वाळलं की साच्यातून उपसायची. म्हणजे सगळ्यात आधी घातलेला थर सगळ्यात बाहेर दिसतो. जाडी म्हणाल तर नखाएवढी. होडीची सगळी अब्रू त्या नखात.

या थराला ऊन खातं. पहिली एकदोन वर्षं होडी आरशासारखी असते. मग तकतकी उतरते. मग एक दिवस सहज हात फिरवावा तर तळहात पांढरा, खडूचा फळा पुसल्यासारखा. ती मेलेली कातडी. ती काढायची आणि खालचा जिवंत थर उघडा करायचा, हे आमचं काम. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घ्यायचा, आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. घासताना होडीकडं बघायचं नाही, खाली ओघळणाऱ्या पाण्याकडं बघायचं. ते आधी ताकासारखं पांढरं येतं. घासत राहा. मग त्यात रंगाची झाक उतरते. होडी हिरवी असेल तर हिरवी, तांबडी असेल तर गुलाबी. झाक दिसली की थांबायचं. लोभ धरून पुढं गेलात तर खालची काथ्यासारखी चटई वर येते, आणि मग ती होडी आयुष्यभर गुडघा फुटलेल्या पोरासारखी दिसते.

त्यानंतर कंपाउंड, म्हणजे पॉलिशचा लगदा, लावून यंत्र फिरवायचं, आणि शेवटी मेण. मेण हातानं, सावलीत, थोडं थोडं. ते वाळून धुरकट झालं की मऊ फडक्यानं पुसायचं. ऊन मग आधी मेणाला खातं, होडीला नंतर.

हे सगळं मी हळूहळू शिकले. मधल्या काळात हंस आले.

जवळच्या एका तळ्यावर पायानं पॅडल मारायच्या बोटी होत्या, हंसाच्या आकाराच्या. उन्हानं मळकट झाले म्हणून ते सगळे टेंपोत घालून आमच्याकडं पाठवले. पांढऱ्या रंगाची गंमत अशी की घासताना पाणी आधीही पांढरं आणि नंतरही पांढरंच. थांबायचं कधी, समजत नाही. मी मन लावून घासत गेले. अंग झालं, मान झाली, डोकं झालं. संध्याकाळी मागं सरून बघते तर शेडमध्ये ओळीनं हंस उभे, आणि एकालाही डोळे नाहीत! डोळे वरून काळ्या रंगानं काढलेले होते. ते मी ताकाबरोबर वाहून दिले होते. तिरप्या उन्हात ते आंधळे हंस इतके शांत, इतके सुंदर दिसत होते की मला वाटलं, आता हे पत्र्यातून वर उडतील आणि खाडीतल्या रोहित पक्ष्यांत जाऊन मिसळतील. शेठना तसं वाटलं नाही.

मग मीच ब्रश घेऊन डोळे काढले. चांगले लांबट, काजळाची शेपटी ओढलेले. वर कमानदार भुवया. तळ्यावाल्यांचा माणूस न्यायला आला. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "बाई, हंस पोहायला न्यायचेत. फडावर नाचवायचे नाहीत."

आता खरी गोष्ट. ती खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातली आहे. गावाचं नाव घेत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते शेवटी समजेल.

श्रावण लागला होता. एका दुपारी शेडच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. ताठ, काळीसावळी, घट्ट नेसलेलं लुगडं, हातात पाटी नाही की पिशवी नाही. म्हणाली, "होड्या उजलवनारी तूच काय गो?"

"व्हय, मीच."

"माझे होडीला कोड फुटलंय. बघाला ये."

तिचं नाव जानकीबाय. नवऱ्यानं घरची लाकडाची होडी विकून गावातली पहिली फायबरची होडी आणली होती, 'सोनपावली'. वर्षभरात तापाचं निमित्त होऊन तो गेला. जानकीबाय खलाशांना घेऊन धंदा चालवत होती. पण होडी पांढरी पडत गेली, आणि गावानं त्याला नाव दिलं, कोड. धाकटा दीर जोमा उघड म्हणायचा की बापाची लाकडाची होडी विकली त्याचा हा शाप. खलाशीही कुजबुजायला लागले. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जाणार. तेव्हा कोण कुणाच्या होडीत पाय ठेवतं त्यावर पुढचं सगळं वर्ष ठरतं. जोमाची स्वतःची होडी होतीच. सगळे खलाशी त्याच्याकडं गेले की सोनपावली काठावर पडून राहणार, आणि जानकीबायनं दुसऱ्याची मासळी पाटीत घेऊन दारोदार फिरायचं.

"खलाशी बोलतान, कोडाचे होडीन पाय नाय ठेवनार," ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. भाव सांगावा तसं सांगितलं.

आमची शालन लगेच फुलली. "आवं बाई, कशाला काळजी करताय? आशी चकाकवून देते, की तिच्यात बघून कुंकू लावाल."

बोलून गेले, आणि मग तिच्या कपाळाकडं लक्ष गेलं. मोकळं होतं.

शेडमध्ये युसूफभाईंचा चहाचा पेला तोंडाशी थांबला. पण जानकीबाय हसली. म्हणाली, "माझं जाऊ दे गो. होडीचे कपालाला कुंकू लागलं पायजे, तेवढं बघ."

शेठनी यंत्र दिलं. निघताना युसूफभाई म्हणाले, "आधी साबणानं धू. एक दिवस ऊन खाऊ दे. मग बघ, मग हात लाव." मी हो म्हटलं आणि विसरले. विसरले म्हणजे, ते आपल्याला कशाला पाहिजे, असं वाटलं.

होडी काठावर नारळाच्या झापांखाली ठेवलेली. पांढरे डाग, पिवळट चट्टे, नाळेपाशी, म्हणजे होडीच्या नाकापाशी, तर अगदी कातडी सोलल्यासारखं. आणि वास! पण मी घाटावरची. कोळीवाड्यात वास यायचाच, अशी माझी ठाम समजूत. तो वास होडीलाच येतोय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जानकीबायच्या घरातून वायर ओढली, कंपाउंड लावलं आणि यंत्र फिरवलं. काय सांगू, हात लावीन तिथं झळाळी! कागदानं घासायचीसुद्धा गरज पडली नाही. दिवस मावळायच्या आत होडी लखलखली. गाव जमलं. कुणी मला चहा दिला, कुणी सुकटीची पुडी. मी घरी येऊन ह्यांना म्हणाले, "युसूफभाईंना जे आठवडाभर लागतं, ते मी दिवसात केलं." हे म्हणाले, "मग त्यांनी आठवडा उगाच घालवला असंल नाही?" माझ्या नवऱ्याचं हे असंच होतं. आधी माझ्या उत्साहावर दगड ठेवायचे, मग जेवायला बसायचे.

दोन-चार दिवस पावसानं उघडीप दिली. कडक ऊन पडलं. आणि जानकीबाय पुन्हा शेडच्या दारात आली. या खेपेला उभी राहिली नाही, एका उपड्या टाकीला टेकून खाली बसली.

"फिरून फुटलं," ती म्हणाली. "जोमान सगल्यांसमोर हात फिरवला नि तलवा दाखवला. पांढरा. चिकट. सगली हसली."

युसूफभाईंनी विचारलं, "बाय, होडीला काही लावता का तुम्ही?"

"तेल पाजते."

"कसलं?"

"मुशीचं. दरसाल. आमचं धनी लाकडाचे होडीला पाजायचं. ते गेल्यावर मी एक साल चुकले नाय." ती ताठ होऊन म्हणाली. "उपाशी ठेवते काय होडीला?"

मी हातातला झाडू भिंतीला लावला आणि खाली बघत राहिले. लाकूड तेल पितं आणि जगतं. फायबर तेल पीत नाही. वरच्या मेलेल्या भुग्यात ते साचून राहतं, धूळ धरतं, पिवळं पडतं. मी जी झळाळी बघून नाचत होते ती माझ्या यंत्राची नव्हतीच. मुशी माशाच्या तेलाची होती. मी नुसतं तेल गरम करून पसरलं होतं, कढईत फिरवावं तसं. ऊन लागलं आणि होडीला घाम फुटला.

पौर्णिमा तोंडावर आली होती. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच गेले. यंत्र नेलं नाही. सोडा घातलेल्या कढत पाण्यानं होडी धुतली, पुन्हा धुतली. मग ॲसिटोन, म्हणजे नखांचा रंग पुसतात तसलं द्रव, फडक्याला लावून हात-हात जागा पुसत गेले. फडकी काळीपिवळी निघत होती. वास गेला तेव्हा कुठं कागद हातात घेतला.

ते दिवस मला आता एकाच लांबलचक सकाळीसारखे आठवतात. ढग खाली आलेले, तिवरांत भरतीचं पाणी चढतंय, पलीकडं कारखान्यांच्या चिमण्या धुक्यात अर्ध्याच दिसतायत. मी घासते आहे, जानकीबाय तांब्यानं वरून पाणी सोडते आहे. पाणी, कागद, पाणी, कागद. दोघींच्या पायांशी पांढरा ओहोळ, तो चिखलातून वाट काढत खाडीकडं निघालेला. बोलणं काही नाही. मला कितीदा वाटलं, होडी पाण्यात आहे आणि काठच हळूहळू सरकतोय, घरं, झापं, वाळत घातलेली जाळी, सगळं घेऊन. पाण्याला भिणारी बाई मी, पण त्या तंद्रीत मला भीती वाटली नाही.

ओला कागद होडीबरोबर माणसालाही घासतो. आधी बोटं सुरकुततात, मग गुळगुळीत होतात, मग लाल. शेवटी माझ्या उजव्या हाताच्या पेरांची सालं निघाली. तरी घासत होते, कारण पाणी अजून पांढरंच होतं.

आणि मग ते पांढरं राहिलं नाही. आधी मला भास वाटला. आभाळाचं प्रतिबिंब असेल म्हटलं. पण आभाळ तर करडं होतं. मी हात थांबवला. कागदाखालून एक निळी रेघ ओघळली, दुधात शाईचा थेंब पडावा तशी.

जानकीबायच्या हातातला तांब्या तसाच तिरका राहिला, रिकामा होईपर्यंत. "ह्यो त्यांचा रंग," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितला व्हता कारखान्यान. पावसानंतरचं आबाल पायजे, बोलले." थोड्या वेळानं म्हणाली, "मना वाटलं, त्यो बी गेला."

मी तांब्या तिच्या हातातून घेतला आणि भरून परत दिला. दुसरं काय करणार? अजून अख्खी दुसरी बाजू राहिली होती.

मग यंत्र आणलं. होडी झळाळली, आणि ही झळाळी साबणानं धुऊन, उन्हात ठेवून, पुन्हा बघितली तरी तिथंच होती. युसूफभाई स्वतः येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत. चहा मात्र दोनदा प्याले. म्हणजे पास.

आता मेण राहिलं होतं. आणि खरा पेच तिथं आला. घराच्या ओट्यावर मला तेलाचा डबा दिसला, झाकण उघडून ठेवलेला.

"हे कशाला?"

"तुझं झालं की पाजते ना तिला. सनाला उपाशी धाडू?"

मी समजावलं. ऊन, भुगा, थर, जे येत होतं ते सगळं सांगितलं. युसूफभाईंच्या शब्दांत सांगितलं, शेठच्या शब्दांत सांगितलं. ती मान हलवत होती आणि डबा तिथंच होता. मला दिसत होतं की मी घरी गेले की हा डबा होडीवर उपडा होणार. त्यात तिची चूक नव्हती. नवरा जे करायचा ते ती करत होती. ते सोड, असं मी कोण सांगणारी? एक रीत काढून घ्यायची, तर तिच्या जागी दुसरी ठेवावी लागते. नुसतं शहाणपण ठेवून भागत नाही.

मग शालनच्या तोंडून जे बाहेर पडलं, त्याचं मला आजही नवल वाटतं.

"जानकीबाय, लाकडाची होडी रानात जन्मते. झाडाचं लेकरू ते. त्याला तेलच लागतं. पण ही जन्मते साच्यात. आणि साच्यात तिच्या अंगाला पयल्यांदा काय लागतं? मेण. ही तिची बाळगुटी. जिला मेणाची बाळगुटी, तिला तेल पाजलं की अंगावर उठतंच."

ती टक लावून बघत होती. आतापर्यंतचं खरं होतं बरं का. पुढचं मात्र मी रचलं.

"फायबरच्या होडीची आंघोळच वेगळी. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, घरातल्या कुणाच्या अंगाला उटणं लागायच्या आधी, होडीला मेण. ऊन वर यायच्या आत. आणि मग शिमग्याला एकदा, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी. घरातल्या बायकांनीच लावायचं."

"आसं हाय?"

"तशी रीतच हाय."

"कोनाची?"

"फायबरवाल्यांची," मी म्हणाले. डोळ्याची पापणी हलू दिली नाही.

जानकीबायनं बराच विचार केला. मग उठली, डब्याचं झाकण लावलं आणि डबा आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन पदर खोचून म्हणाली, "दाखव कसं लावाचं ते. नीट दाखव. चुकाला नको."

मी लावून दाखवलं. उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती, म्हणून डाव्यानं. नाळेपासून सुरू करून मागं, छोटे छोटे गोल. डबा धरलेल्या उजव्या हाताच्या उघड्या पेरांना चिंधीतून मेण झोंबत होतं, आणि दर गोलाला माझा श्वास दातांतून आत ओढला जात होता. ती माझ्या शेजारी उभी राहून बघत होती, ओठ हलवत, शाळेतली कविता पाठ करावी तशी.

नारळी पौर्णिमेला मी गेले होते. नेसायला चांगलं लुगडं, हाताला पट्टी. सगळ्या होड्या पताकांनी सजलेल्या, काठावर गर्दी. सोनपावलीजवळ खलाशी उभे होते, पण पाय कुणी उचलत नव्हतं. सगळे जोमाकडं बघत होते. जोमा आला. सगळ्यांना दिसेल असा त्यानं हात वर केला, होडीच्या कुशीवरून लांबवर फिरवला, आणि तळवा लोकांकडं धरला. धरला तेव्हा तो लोकांचे चेहरे बघत होता, स्वतःचा हात नव्हे. लोक हसले नाहीत, म्हणून त्यानं हात उलटा करून बघितला. कोरडा. स्वच्छ. त्यानं पुन्हा फिरवला, या खेपेला दाबून. मग एक म्हातारा खलाशी मागून म्हणाला, "जोमा, पुरं कर रे बाबा! नवरी हाय, बाजारातली गाय नाय!"

गर्दीत असा हशा पिकला! आणि तो म्हातारा सोनपावलीत चढला, त्याच्यामागं दुसरा, मग सगळेच. जोमानं तळवा सदऱ्याला पुसला. पुसायला त्यावर काही नव्हतं. मग तोच पुढं होऊन म्हणाला, "वहिनी, नारल दे इकडं." नाळेवर कुंकवाचं बोट त्यानंच ओढलं.

जानकीबायनं मला हाताला धरून होडीत ओढलं. शालन नको नको म्हणत होती आणि चढत होती. तिची पहिली आणि शेवटची होडीतली सफर. सगळा वेळ मी डोळे गच्च मिटून बसले. लोक मला विचारतात, त्या दिवशीची खाडी कशी दिसत होती? मी सांगते, लाल, पापणीच्या आतून दिसते तेवढी. पण कानाला सगळं आठवतं. ढोलकी मागं पडत गेली, मग माणसांचे आवाज, आणि शेवटी नुसतं पाणी उरलं, मी चोळलेल्या मेणावरून घसरत जाणारं. त्याच्याइतका मऊ आवाज मी नंतर ऐकला नाही.

पुढं शेड बंद झाली. युसूफभाई गावी गेले. आम्ही कामोठ्याला राहायला आलो. जानकीबाय गेल्याचं मला उशिरा कळलं. तिला पाठवायला डब्यात ठेवलेल्या करंज्या मी दोन दिवस कुणाला खाऊ दिल्या नाहीत.

मागच्या दिवाळीला काय मनात आलं कोण जाणे, नरक चतुर्दशीच्या पहाटे मुलाला म्हटलं, मला खाडीवर ने. तो कुरकुरला, पण त्यानं नेलं. काठावर पणत्या लावलेल्या. आता सगळ्याच होड्या फायबरच्या. आणि प्रत्येक होडीपाशी दोनदोन, तीनतीन बायका, केस मोकळे, आंघोळ न झालेल्या, मेणाचा डबा आणि फडकी घेऊन.

मी काठाकाठानं चालत राहिले. मग एका निळ्या होडीजवळ गेले. तिथली मुलगी पंचविशीतली, जानकीबायची नातसून निघाली. मला ओळखायचं काही कारण नव्हतं, मीही सांगितलं नाही. म्हटलं, "मी लावू का गं थोडं?"

"लावा की आजी. सणाचं पुण्य हाय."

मी फडकं घेतलं. तिनं माझा हात धरला. "उजवा नाय आजी. डावा. मेन डाव्या हातानंच लावतान."

"का गं?"

"तशी रीतच हाय आमची. पूर्वापारपासनं. उजवा हात आपला, डावा दर्याचा." मग तिनं माझ्याकडं जरा संशयानं बघितलं. "आनि तोंडानं आवाज काढाचा. माहीत हाय ना?"

"कसला आवाज?"

तिनं करून दाखवला. फडक्याचा एक गोल, आणि दातांच्या फटीतून आत ओढलेला श्वास, "स्स्स." पुन्हा एक गोल, "स्स्स." शेजारच्या होडीवरच्या बायकाही तसंच करत होत्या. सगळा काठ पहाटेच्या अंधारात हळू आवाजात स्स्स, स्स्स करत होता, भरती येताना वाळूवर करते तसा.

"त्यानं पानी होडीला वलखतं," ती म्हणाली. "आजेसासूनं शिकवलंय. तिला कुनी शिकवलं काय माहीत, फार जुनं हाय."

फडकं डाव्या हातात घेतलं, नाळेपासून सुरुवात केली, आणि सगळ्यांबरोबर मीही श्वास आत ओढला. या खेपेला काहीच झोंबत नव्हतं.